प्रतिकार कोणाचा

रुग्णालयाच्या मागील अंगाला असलेल्या प्रयोगशाळेत ताईंचे बहुतेक आयुष्य जंतू वाढवण्यात गेले. "लोक मुलं वाढवतात, मी ही कार्टी वाढवते, खोड्या सारख्याच," असे त्या म्हणत. जखमेतला जंतू वेगळा करून प्लेटवर पसरायचा, त्यावर निरनिराळ्या औषधांच्या चिमुकल्या टिकल्या ठेवायच्या आणि वाट पाहायची. जिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटेल ते औषध लागू. जिच्या कडेपर्यंत जंतूंची साय चढेल ते व्यर्थ. या प्रतीक्षेला त्यांच्या ठायी उपासनेचे रूप आले होते.

पुढे तेथे जंतूची संपूर्ण जनुकीय लिपी वाचणारे यंत्र आले. कोणते औषध हतबल ठरणार, याचे भाकीत ते प्लेटच्या एक दिवस आधीच करू लागले. ताईंना त्याचा मत्सर नव्हता. किंचित अविश्वास मात्र होता, आणि तो निराधार नव्हता. जनुक असते, पण क्वचित निजलेलेही असते. लिपीत लिहिलेले सारेच आचरणात उतरते असे नाही. माणसांतही कोठे उतरते?

त्यांचे थोरले बंधू दुकानांच्या पाट्या रंगवीत. शिडीवरून पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि जखम चिघळली. तिचा नमुना ताईंच्याच टेबलावर आला. यंत्राचे भाकीत निःसंदिग्ध होते: चालू असलेली सर्व औषधे निष्फळ ठरतील, उरते ते एकच, जुने, मूत्रपिंडांना घातक.

सायंकाळी ताई वॉर्डात गेल्या, तेव्हा बंधू उशीला टेकून बसले होते.

"चिमे, ऐकलंस का? डॉक्टर आपसात म्हणत होते, रेझिस्टन्स जबरदस्त आहे. नर्सबाईंना अर्थ विचारला, तर म्हणाल्या, प्रतिकार. अगं, जन्मभर शिडीवर ऊन खाल्लं, ते अंगी लागलं म्हणायचं!"

"बढाया मारायला ताप आड येत नाही ह्यांच्या," उशाशी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, आणि शस्त्रक्रियेनंतर प्रथमच हसल्या.

"आणि ते मूत्रपिंडं जाळणारं औषध देऊ का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, आता कशाला? आतलं सैन्य खंबीर आहे आमचं."

प्रतिकार हा शब्द मूळचा निःपक्षपाती आहे. तो कोणाचा, हे षष्ठी विभक्तीच सांगते. ती गळून पडली की शत्रूचे बळ आपलेच वाटू लागते. बंधूंचे तसेच झाले होते.

बाहेर डॉक्टरांनी ताईंना गाठले. "तुमचे दादा नाही म्हणतायत. तुम्ही समजवाल ना?"

"समजावते," ताई म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या. वहिनी मोसंबे सोलून नवऱ्याला भरवीत होत्या. दोघांची कसलीशी थट्टा चालली होती. ताईंची जीभ उचलेना. उद्या प्लेट उघडेल, जनुक निजलेले निघाले तर यांना आज कशाला हादरवायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले. भाकिताचे सारे मोल त्याने मिळवून दिलेल्या एका दिवसात असते. तो दिवस ताईंनी त्या दोघांच्या हसण्यावरून ओवाळून टाकला.

सकाळी प्लेट उघडली. चालू औषधांपैकी एकाही टिकलीभोवती वर्तुळ नव्हते. ताई धावत वॉर्डात पोहोचल्या तेव्हा बंधूंना धाप लागली होती. वहिनी औषधे आणायला खाली गेल्या होत्या.

"दादा, तो प्रतिकार तुझा नव्हे रे."

"मग कुणाचा?"

"जंतूचा."

"म्हणजे काल मी त्याचीच पाठ थोपटली." त्यांना हसायचे होते, श्वास पुरला नाही. "तुला केव्हा कळलं?"

"कालच."

"बरं. लावा ते औषध." मग ताईंचा हात धरून म्हणाले, "कालच कळलं होतं, हे तुझ्या वहिनीला सांगू नकोस हो."

औषध लागले, परंतु जंतूचे विष तोवर रक्तात भिनले होते. त्याच आठवड्यात बंधू गेले.

काही दिवसांनी ताई वहिनींकडे गेल्या. वहिनी उरलेल्या रंगांचे डबे पुसत होत्या. कामात हात घालून ताईही शेजारी बसल्या.

"वन्सं," वहिनींनी मान वर न करता विचारले, "तुमच्या त्या मशीनला एक दिवस आधी कळतं म्हणे. ह्यांच्या वेळी नाही का कळलं?"

एका 'नाही'ने सारे मिटले असते, आणि त्या शब्दाला मृताची अनुज्ञाही होती. परंतु समोरच्या बाईला त्या एका दिवसाचा हिशेब विचारण्याचा अधिकार होता.

"कळलं होतं, वहिनी. मला कळलं होतं. मी बोलले नाही."

वहिनींनी ताईंच्या हातातला डबा काढून घेतला.

"आज तुम्ही जा," त्या म्हणाल्या.

ताई उठल्या, आणि मागे न पाहता पायऱ्या उतरल्या.