दोष डाव्या बाजूचा

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी एक वाजता आमच्या ग्रंथालयाच्या तळघरातल्या खोलीत पंधरा-वीस तरुण पोरंपोरी जमतात आणि पुढचे तीन तास एकमेकांशी जवळजवळ बोलत नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन. डोळे मिटलेले. कुणी मान डोलावतंय, कुणी छताकडे बघून भुवया चढवतंय. पहिल्यांदा डोकावले तेव्हा मला वाटलं हा कसला तरी पंथ आहे, आणि मी दार हळूच लावून घेतलं. खोलीची नोंदणी माझ्याकडे असते म्हणून चौकशी केली, तर कळलं की पंथच आहे, फक्त यांचा देव डोक्यावर घालायचा असतो.

या पंथाची मुख्य पुजारीण म्हणजे टेस्सा व्रानिच. वय तेवीस, उंची बेताची, आवाज दांडगा, नखांत कायम काळं ग्रीस. हॅमिल्टनच्या पूर्व टोकाला तिच्या मामाचं टायरचं दुकान आहे, तिथे ती शाळा संपल्यापासून कामाला. उजव्या कानात गाणं आणि डावा कान मामासाठी मोकळा, अशी तिची सोय. मामा हाक मारतो आणि लगेच ओ नाही मिळाली तर क्रोएशियन भाषेत सात पिढ्यांचा उद्धार करतो. हातात चाकांचे नट काढायची हवेवर चालणारी गन, तिचा कडकडाट दिवसभर. एप्रिलमध्ये बर्फासाठी घातलेले हिवाळी टायर काढायला आख्खं शहर रांग लावतं, तेव्हा तर श्वास घ्यायला फुरसत नसते.

हेडफोनचं वेड तिला एका गिऱ्हाइकाने लावलं. त्याची गाडी वर चढवलेली होती, तो बाकावर बसून ऐकत होता, आणि गंमत म्हणून त्याने आपला हेडफोन हिच्या डोक्यावर ठेवला.

"मार्गो, गाणारी बाई ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेते," ती मला सांगत होती, जणू कालच घडलंय. "श्वास! हजार वेळा ऐकलेलं गाणं. सतरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं!"

तेव्हापासून ती ऐकतेच आहे, आणि तिच्या कानांचं नाव झालं. हेडफोनची गादी बदलली असेल तर तिला न सांगता कळायचं. ती "छान" म्हणाली की पोरं घरी जाऊन तेच मागवायची. नव्या माणसाला पहिला धडा तिनेच द्यायचा. होलिस नावाचा एक आहे, दिवसा बँकेचे फोन उचलतो आणि शनिवारी आवाजाचं वर्णन खाण्याच्या भाषेत करतो. "मधे लोण्यासारखा, वरती जरा करपलाय," असलं काहीतरी. पण तोसुद्धा आधी टेस्साच्या तोंडाकडे बघायचा आणि मगच लोणी काढायचा.

आणि मग कीगन. कीगन अब्रेउ, सव्वीस वर्षांचा, उंच, अबोल, बोलताना टेबलाशी बोलतो. आईच्या गॅरेजमध्ये दोन वर्षं खपून त्याने स्वतःचा हेडफोन बनवला होता. बंद पडलेल्या एका बोलिंग खेळायच्या हॉलमधली मेपल लाकडाची पट्टी विकत घेऊन तिच्या वाट्या कोरल्या, त्यात आवाजाचे ड्रायव्हर, म्हणजे आतले चपटे स्पीकर, बसवले. हात लावला तरी कळायचं की हे काम प्रेमाने केलंय. जूनमध्ये टोरांटोला हेडफोनांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे त्याने एक टेबल घेतलं होतं. तिथे लोकांना आवडला तर गॅरेजमधून बाहेर पडता येईल, एवढी त्याची आशा. पण त्याआधी टेस्साचा होकार हवा होता.

एप्रिलच्या बैठकीत टेस्साने तो घातला. खोली चिडीचूप. दहा मिनिटांनी तिने काढला.

"डावी बाजू बसलीय रे."

झालं. तो हेडफोन सगळ्यांच्या डोक्यावरून फिरला आणि सगळ्यांना डावी बाजू बसलेली ऐकू आली. होलिस म्हणाला, "हो हो, डावीकडचं मीठ कमी पडलंय." खरं सांगते, मलाही ऐकू आलं. पुजारणीने सांगितल्यावर देव कुणाला दिसत नाही?

कीगनने मुकाट्याने लॅपटॉप उघडून मोजणीचा आलेख दाखवला. डावी आणि उजवी, दोन्ही रेघा एकमेकींवर चिकटलेल्या.

"आलेखाला कान असतात का?" टेस्सा म्हणाली, आणि सगळे हसले.

कीगनने डावा ड्रायव्हर बदलला. टेस्साच्या दुकानात जाऊन ऐकवला. डावी बाजू बसलेलीच. त्याने पुन्हा बदलला. पुन्हा तेच. मेच्या बैठकीत तो तिसरा ड्रायव्हर बसवून आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. टेस्साने ऐकलं, हेडफोन टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दोन वर्षं लाकूड घासत बसलास, त्यापेक्षा कान साफ केले असतेस तर बरं झालं असतं. हे टोरांटोला नेऊ नकोस. आपल्या सगळ्यांचं हसं होईल."

कीगनचे कान लाल झाले. "शुक्रवारपर्यंत प्रदर्शनातलं टेबल सोडता येतं," तो टेबलाशी बोलला. "सोडतो." हेडफोन पेटीत घालून तो निघून गेला. डोनटांचा खोका उघडलासुद्धा नव्हता कुणी.

मला त्या पोरीचा राग आला होता. सगळे गेल्यावर ती वायरी गुंडाळत रेंगाळली. आपण जास्त बोललो हे तिला कळत होतं, पण तोंडाने कबूल करायचं नव्हतं. मग मीच म्हटलं, "दीड वर्ष तुमच्यासाठी खोली उघडतेय, मला कधी पहिला धडा दिला नाहीस."

तिचा चेहरा उजळला. तिने आपला जुना हेडफोन माझ्या डोक्यावर बसवला. "आधी सरळ ऐक. गाणारी नाकासमोर उभी आहे की एका बाजूला? आता काढ आणि उलटा घाल, डावी वाटी उजव्या कानावर. आवाज एका बाजूला झुकत असेल, आणि उलटा घातल्यावर झुकायची बाजू बदलली, तर दोष हेडफोनचा."

"आणि नाही बदलली तर?"

"तर दोष कानाचा. लोक मेणाचे गोळे घेऊन फिरतात आणि नावं हेडफोनला ठेवतात."

"मला तर सरळ घाला की उलटा, समोरच उभी दिसते."

"शक्यच नाही. याची डावी बाजू कधीच गेलीय. केबल बदलली, गादी बदलली, ॲम्पचं बटण बदललं, तरी तसंच."

मी सहज विचारलं. देवाशपथ सहज. "कीगनचा तू उलटा घालून बघितलास का?"

"मला गरज पडत नाही, मार्गो."

पण तिने माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला. घातला. उलटा घातला. परत सरळ. बाजूच्या दालनात मुलांच्या संगणकांना लावलेले ग्रंथालयाचे हेडफोन आहेत, निळ्या प्लास्टिकचे, चिकट, सहा. ती तिकडे गेली आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून एकेक घालायला लागली. पहिला, उलटा. दुसरा, उलटा. सहाव्यापाशी तिचे हात थांबले.

"सगळ्यांची डावी बाजू गेलीय," ती हळू आवाजात म्हणाली. एवढ्या हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. या पोरीने वर्षभर अंगणच खणत आणलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

"आणि कीगनचं टेबल?"

"मार्गो, माझ्याकडे दुसरं काय आहे? कान गेले तर मी टायर बदलणारी पोरगी. बस."

"टायर बदलणारी पोरगी खोटं बोलत नसेल तर मला चालेल," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. ती रडली. मीही तिच्याशेजारच्या बुटक्या खुर्चीत बसले, आणि उठताना माझे गुडघे बोलले.

सोमवारी मी तिला कानाच्या तपासणीला घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसून तिने बटणं दाबली. तपासणारी बाई सौम्य होती, पण आडवळणाने बोलली नाही. डाव्या कानाचे वरचे सूर बरेच गेलेत, ते परत येणार नाहीत. गनचा आवाज. उजवा कान वाचला, कारण त्यात दिवसभर घट्ट बसलेलं गाणं होतं. मामासाठी मोकळा ठेवलेला कान गेला. टेस्सा कागदावरची आपली रेघ उतरत जाताना बघत बसली आणि या वेळी आलेखाला काही बोलली नाही.

मामाला कळलं तेव्हा तो आधी ओरडला, मग रडला, मग दुकानात सगळ्यांसाठी कानावरची जाड झाकणं घेऊन आला. आता कुणाला हाक ऐकू येत नाही म्हणून तो हातवारे करतो आणि शिव्याही हातानेच देतो.

गुरुवारी संध्याकाळी टेस्सा कीगनकडे गेली. गाडी मी चालवली, कारण एकटी गेली असती तर ती वाटेतूनच फिरली असती. कीगनच्या आईने आम्हाला पाहिलं आणि न विचारता मासळीच्या वड्या तळायला घेतल्या. गॅरेजमध्ये टेस्साने सगळं एका दमात सांगितलं.

कीगनने पेटीतून हेडफोन काढून हातात उलटा धरला. मग म्हणाला, "तू उलटा घातला नाहीस?"

"नाही."

"प्रत्येक नव्या पोराला तू तेच शिकवतेस!"

"माहीत आहे रे!"

"चांगले ड्रायव्हर मी कचऱ्यात टाकले, टेस्सा. मला वाटलं, मीच बहिरा आहे. मी घासायचं सोडलं होतं. सगळंच सोडलं होतं." तो पहिल्यांदाच माणसाशी बोलत होता, आणि ते ऐकायला बरं वाटत नव्हतं.

टेबल त्याने मंगळवारीच सोडलं होतं. टेस्साने तिथल्या तिथे आयोजकांना फोन लावला आणि टायरच्या दुकानातला आवाज वापरला. पूर्ण टेबल गेलं ते गेलंच, पण शौचालयाच्या दाराशेजारचं अर्धं टेबल मिळालं.

निघताना कीगनने तिला थांबवलं. "शनिवारच्या मंडळात सांगायची गरज नाही. म्हणू या, ड्रायव्हर बदलला, आता ठीक झालं." तो असा आहे. टेस्साने होकारार्थी मान हलवली, आणि मीही तोंड मिटून घेतलं. मला तेव्हा तो चांगुलपणा वाटला.

प्रदर्शनात मंडळातले सगळे गेले होते. मीही गेले, वड्यांचा डबा सांभाळायला. गर्दी बरी होती. शौचालयाच्या रांगेत उभं राहून माणूस किती वेळ भिंत बघणार? शेजारी ठेवलेला मेपलचा हेडफोन त्यांना दिसायचा. घालायचे, आणि रांगेतला आपला नंबर सोडून द्यायचे. कीगन लोकांशी बोलत होता, चक्क डोळ्यांत बघून.

दुपारी एक दाढीवाला गृहस्थ आला. बाकीचे विक्रेते त्याला वाट करून देत होते, त्यावरून त्याचं वजन कळत होतं. तो हेडफोन हातात घेऊन लाकूड निरखत होता, तेवढ्यात होलिस मदतीला धावला.

"बिनधास्त ऐका! आधी याची डावी बाजू पार बसली होती. बनवणाऱ्याला स्वतःला कळलं नव्हतं! पण आमच्या टेस्साचे कान म्हणजे कान. तिने पकडलं, मग याने ड्रायव्हर बदलला. आता डावीकडे बघा कसं मोकळं झालंय, पोळीवरचं तूप!"

दाढीवाल्याने हेडफोन डोक्यावर न घालता खाली घेतला. "म्हणजे तुमचे ड्रायव्हर एकसारखे येत नाहीत?" त्याने कीगनला विचारलं.

 कीगन परत टेबलाकडे बघायला लागला. खरं सांगितलं तर टेस्साचं नाव जातं, नाही सांगितलं तर त्याची दोन वर्षं जातात, आणि तो गाढव नाही सांगणार हे मला दिसत होतं. मी टेस्साकडे बघितलं. तिच्या आजूबाजूला मंडळातली सगळी पोरं उभी होती, तिच्या तोंडाकडे बघत, नेहमीसारखी.

"ड्रायव्हर पहिल्यापासून एकसारखेच होते," टेस्सा म्हणाली. दांडग्या आवाजात, रांगेतल्या शेवटच्या माणसाला जाईल असं. "बसलाय तो माझा डावा कान. मी उलटा घालून न बघता याला चारदा खोटं पाडलं. होलिस, तुला जे ऐकू आलं ना, ते माझं बोलणं ऐकू आलं."

होलिसचा चेहरा पांढरा पडला. "पण मला खरंच…" एवढं म्हणून तो थांबला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण त्यालाही एप्रिलमध्ये ऐकू आलं होतं.

"उजवीकडचं काही विचारायचं असेल तर मला विचारा," टेस्सा दाढीवाल्याला म्हणाली. "डावीकडचं याला विचारा. त्याचे कान चांगले आहेत."

दाढीवाल्याने हेडफोन घातला आणि डोळे मिटले. टेस्सा खुर्चीत बसली आणि हात मांडीखाली घालून घेतले. कीगन तिच्या डावीकडे बसला होता. तो काहीतरी पुटपुटला, तिला कळलं नाही. तेव्हा तो उठला, आपली खुर्ची उचलून तिच्या मागून फिरला आणि तिच्या उजव्या बाजूला येऊन बसला.