न्हाणीमागची गाडगी

मनमाडची जुनी रेल्वे चाळ पाडायच्या आधी तिच्या परसात थोडं खणून बघायचं, असं आमच्या कॉलेजनं ठरवलं. पूर्वीचे कामगार काय खात, काय टाकून देत, हे उकिरड्यातून कळतं. माझं बालपण त्याच चाळीतलं. वडील वर्कशॉपमध्ये फिटर होते. स्वतःच्याच उकिरड्याचा अभ्यास करायचं भाग्य सगळ्यांना लाभत नाही.

निघताना आई म्हणाली, "आपल्या न्हाणीच्या मागं तुझ्या भावाची वार पुरली हाय. गाडगं दिसतंय का बघ." हा भाऊ माझ्याआधीचा. बारशाच्या आत गेला, त्यामुळे त्याला नाव नाही, फोटो तर नाहीच. त्याचं म्हणून आईकडे एवढंच होतं, बाळंतपणानंतर वार ठेवून पुरलेलं ते गाडगं. ते अजून आहे का, एवढंच तिला हवं होतं.

गाडगं सापडलं. मग त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं. एकूण पाच निघाली. बदली झाली की खोलीत नवं बिऱ्हाड यायचं, आणि प्रत्येक घरानं नेमकी तीच जागा धरली होती. सगळी सारखी, तोंडावर पालथी पणती, आत नुसती माती. आमचे सर म्हणाले, बियाणं ठेवायची भांडी असावीत. मी खरं काय ते सांगितलं, तर त्यांना घबाडच मिळालं. मला रडू येईल असं वाटलं होतं. काहीच आलं नाही. मी प्रत्येकावर नंबर टाकला आणि डबा उघडून जेवले.

नाशिकला परतल्यावर आईला फोनमधला फोटो दाखवला.

"यातलं आपलं कुठलं?"

"ते नाही कळत, आई."

"आता कुठं हायेत?"

"आमच्या स्टोअरमध्ये. एकदम कोरड्या जागी, नीट ठेवलीत." मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"कोरड्या?" आई म्हणाली. "अगं, अंघोळीचं पाणी वर पडावं म्हणून तर न्हाणीमागं पुरतात. लेकराला गारवा राहतो."

लेकरू जाऊन किती वर्षं झाली, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण आत सगळं बधिर होतं.

"सगळ्यांवरच टाक थोडं पाणी," ती म्हणाली. "त्यातलं एक तर आपलं असंल."

स्टोअरमधल्या वस्तूंना पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी बरं म्हणाले.