दोनदा मोजलेली ऑर्डर

गाद्या-उशा विकणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे टॅगवाली म्हणत, तेही तोंडावर. वेबसाइटवर कोण आलं, काय पाहिलं, गादी घेतली की नुसती किंमत बघून गेलं, हे टिपणारे छोटे छोटे कोड, म्हणजे टॅग, बसवणं हे तिचं काम. ते सुरळीत चालू असलं की ती कुणाच्या खिजगणतीत नसे. आकडा चुकला की मात्र सगळ्यांना तीच आठवे.

त्याच मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत, तिची थोरली नणंद आणखी एका बाईसोबत अठरा वर्षं फोनवर ऑर्डरी घेत होती. दोघी एकाच घरात राहत, एकाच बसने येत आणि बसमध्ये दोन टोकांना बसत. वैराचं मूळ काय, हे आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं. "एकदा काय ते बोलून टाका ना," असं नवरा म्हणाला की दोघी एका सुरात म्हणत, "बोलण्यासारखं काही असेल तर ना!" तेवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

मार्केटिंगचा साहेब मात्र सगळ्यांशीच वाकडा. एक दिवस तो तिच्या टेबलावर रिपोर्ट आपटत म्हणाला, "तुझे टॅग गळके आहेत. शंभर गाद्या विकल्या तर सत्तरच दिसतात."

"गळके नाहीत. लोक ब्राउझरमध्ये जाहिराती अडवतात, त्यात माझे टॅगही अडतात."

"मग मार्ग काढ. कारणं ऐकायचा पगार मला मिळत नाही."

मार्ग होता. ब्राउझरमधला टॅग गिऱ्हाइकाच्या फोनवर चालतो, त्याला कुणीही अडवू शकतं. सर्व्हरवरचा टॅग कंपनीच्याच यंत्रावर चालतो. ऑर्डर तिथे पोचली की तो मोजणाऱ्या प्रोग्रामला खबर देतो. दोन्ही ठेवायचे, म्हणजे एक अडला तरी दुसरा असतो. फक्त एक पथ्य पाळायचं. एकाच ऑर्डरची खबर दोन्हीकडून जाते, म्हणून दोन्ही खबरींवर एकच नंबर घालायचा. प्रोग्राम तो नंबर ओळखतो आणि ऑर्डर एकदाच धरतो.

तिने तीन आठवडे मान मोडून काम केलं. शेवटच्या दिवशी साहेब खुर्चीमागे उभा राहून दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारत होता. त्या कटकटीत सर्व्हरच्या बाजूला नंबराच्या रकान्याचं नाव तिने चुकीचं लिहिलं, आणि तो रकाना रिकामाच राहिला. तिने एक खोटी ऑर्डर टाकून पाहिली. दोन्हीकडून खबर आली. एक मोजली की दोन, हे बघायचं राहून गेलं.

महिनाअखेर गोदामातून नऊशे ऑर्डरी बाहेर पडल्या होत्या. रिपोर्ट म्हणत होता, वेबसाइटवरून आल्या सातशे वीस. साहेबाची छाती फुगली. मालकीणबाईंसमोर त्याने पडद्यावर आकडे लावले आणि विचारलं, "मग फोनवाल्या दोघी महिनाभर करतात काय? वेबसाइट वगळली तर उरतात एकशेऐंशी, आणि त्यांच्या नावावर पावणेपाचशे ऑर्डरी आहेत. वेबसाइटच्या ऑर्डरी स्वतःच्या नावावर चढवतात, आणखी काय!"

नणंदेला बोलावणं गेलं. ती दारातूनच म्हणाली, "म्हणजे मी चोरी करते?"

"तो शब्द तुमचा," साहेब म्हणाला.

पंधरा दिवसांत फोनचा विभाग बंद करायचं ठरलं.

त्या संध्याकाळी घरात भांडीसुद्धा जपून बोलत होती. नणंदेने पर्स फेकली. "तुझ्या त्या टॅगांनी मला चोर ठरवलं."

"आकडे मी तयार करत नाही, ताई."

"मग कोण करतं? आकाशातून पडतात?"

"ज्यांनी जे केलंय तेच दिसतं त्यात."

नणंदेने पर्स उचलली. मग खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

खोटं कशाला बोला, टॅगवालीला आतून गुदगुल्या होत होत्या. बारा वर्षं जी बाई तिच्या प्रत्येक कामात खोट काढत आली, तिचीच खोट आता चव्हाट्यावर आली होती. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या खबरींची कच्ची यादी उघडली ती नणंदेची लबाडी पुराव्यासकट हातात असावी म्हणून. म्हटलं, पुढच्या भांडणात कामी येईल.

यादीत एक पत्ता दोनदा दिसला. तीच गादी, तेच मिनिट. एका ओळीत नंबर होता, दुसरीत रकाना कोरा. खाली तेच. त्याच्याही खाली तेच. तिने यादी शेवटपर्यंत नेली. ब्राउझरमध्ये अडलेल्या सोडल्या, तर दहातल्या सात ऑर्डरी दोनदा मोजल्या गेल्या होत्या. वेबसाइटच्या खऱ्या ऑर्डरी साडेचारशेच्याही आत होत्या. उरलेल्या सगळ्या फोनवरच्याच. नणंदेचा आकडा बरोबर होता. चूक तिची स्वतःची होती.

ती यादी घेऊन साहेबाकडे गेली. त्याने उभ्या उभ्याच वाचली आणि उलटी करून टेबलावर ठेवली.

"हे कुणाला दाखवलंस?"

"अजून नाही."

"मग दाखवूही नकोस. पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त कर. आकडा थोडा उतरेल, मी काहीतरी सांगेन."

"आणि फोनच्या विभागाचं काय?"

"तुला काय त्याचं? तुझं तर तिच्याशी पटत नाही. सगळ्या ऑफिसला माहीत आहे."

"नाही पटत. साता जन्मांत पटणार नाही. पण ती चोर नाही."

"चूक तुझी आहे, हे लक्षात ठेव. मी गेलो तर तुला घेऊन जाईन."

"चला मग," ती म्हणाली आणि यादी उचलून थेट मालकीणबाईंच्या खोलीत शिरली. साहेब मागून धावत आला, पण तोवर तिने बोलायला सुरुवात केली होती. आपण कुठे चुकलो, काय तपासायचं राहिलं, साहेब आता काय म्हणाला, सगळं तिने काहीही न लपवता सांगितलं. नणंदेची हाताने लिहिलेली वही मागवली गेली. मालकीणबाईंनी स्वतः वीस ऑर्डरी ताडून पाहिल्या. वीसच्या वीस जुळल्या.

फोनचा विभाग राहिला. टॅगवालीला निष्काळजीपणाबद्दल लेखी समज मिळाली आणि वर्षाची पगारवाढ गेली. साहेबाला नणंदेची माफी मागावी लागली. ती त्याने फोनकडे बघत मागितली. पुढे सहा महिने त्याने टॅगवालीला एकाही बैठकीला बोलावलं नाही, आणि तिचं प्रत्येक काम तीनतीनदा परत पाठवलं.

घरी नवऱ्याला वाटलं, आता तरी समेट होईल. त्याने आशेने दोघींना समोरासमोर बसवलं.

"तुझ्या बायकोने वाचवलं म्हणे मला," नणंद म्हणाली. "ज्याने खड्डा खणला त्यानेच वर काढलं, तर त्याला हार घालायचे का?"

"हार नकोत. एक शब्द पुरे होता."

"कुठला? शाबास?"

"जाऊ द्या ताई. तुमच्या तोंडून तो निघायचा नाही."

"निघेल ना. आधी काम नीट कर."

तेव्हापासून दर सोमवारी नणंद आपली वही घेऊन टॅगवालीच्या टेबलाशी येते आणि म्हणते, "दाखव तुझी यादी." एकेक ऑर्डर दोघी ताडून बघतात. नणंद तिच्या अक्षराला नावं ठेवते, ती नणंदेच्या चष्म्याला. शेजारचे लोक त्या तासाला कँटीनमध्ये जाऊन बसतात.