शेंड्याचं माप

मे महिन्यातली सकाळ होती. मी आमच्या द्राक्षाच्या बागेत पोचले तेव्हा ठिबकच्या नळ्यांतून पाणी चालू होतं आणि सासरे बांधावर उभे राहून समाधानानं बघत होते. आदल्याच दिवशी मी तो व्हॉल्व बंद केला होता. पाच दिवस उघडायचा नाही, असं घरात सगळ्यांसमोर सांगितलंही होतं. मी व्हॉल्व परत बंद केला, त्याची मूठ पान्यानं काढली आणि पदराला बांधून घरी घेऊन आले.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. कुरुंद्याच्या शिवारात त्यांची हयात हळदीत गेली. हळदीला पाणी म्हणजे जीव, त्यामुळे कोणत्याही पिकाला पाणी देणं हे त्यांच्या लेखी पुण्यच. त्या दिवशी ते दुपारी जेवायला बसले नाहीत. ओसरीवर बसून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लेकराला तहानलेलं ठेवून कुणाचं भलं झालं?"

"ते लेकरू न्हाई मामा, वेल हाय," मी म्हणाले. "आन् तहान किती लागली ते मी मोजून राहिले."

एवढं उलट मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले होते. माझे मालक दारात उभे होते. त्यांनी एकदा वडिलांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले.

वीस गुंठ्यांची ही बाग माझ्या हट्टानं लागली होती. वरचा अर्धा तुकडा मुरमाड, तिथं हळद कधी धड आलीच नाही. खालचा अर्धा काळ्या मातीचा. पहिल्या बहाराला मामांच्या मनाप्रमाणं रोज पाणी दिलं. वेली अशा वाढल्या की मांडवाखाली ऊन दिसेना. गावातले लोक बघायला यायचे, मामा मिशीत हसायचे. ऑक्टोबरात छाटणी झाली, फुटवे आले आणि घड मात्र कुठंतरी एखादा. बाकी सगळ्या काड्या कोऱ्या. शेजारच्या शेतातली एक बाई मांडवाखाली फिरून आली आणि म्हणाली, "वांझ बाग हाय बाई ही."

हा शब्द मला चांगला ओळखीचा. लेक होईपर्यंत नऊ वर्षं तो मला लावलेला होता, तेव्हा मी खाली मान घालून ऐकून घेतला. या वेळी घेतला नाही. वेलीत खोट नव्हती. आम्हीच तिला पाण्यात बुडवलं होतं, हे मला सिद्ध करायचं होतं.

माझी बहीण द्राक्षाच्या मुलखात दिलेली आहे. तिनं फोनवर समजावून सांगितलं. एप्रिलच्या छाटणीनंतर जी नवी काडी वाढते, तिच्या डोळ्यातच, म्हणजे पेरावरच्या कोंबातच, पुढचा घड ठरतो. त्या दिवसांत पाणी जास्त झालं तर वेल नुसती पळत सुटते आणि घड धरत नाही. पाणी अगदी तोडलं तर सुकते. मधला रस्ता शोधायचा तर रोज बघायला पाहिजे, आणि नुसतं बघून भागत नाही, मापावं लागतं.

मापायचं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी ब्लाऊज शिवते. गळ्यातली टेप घेऊन मी बागेत गेले. वरच्या भागातल्या दहा आणि खालच्या दहा वेलींची एकेक काडी निवडली, तिला लाल दोरा बांधला. दर आठ दिवसांनी बुडापासून शेंड्यापर्यंत माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं. शेंडा जोरात असला की त्याच्या शेजारचे तणावे, आमच्याकडं बाळ्या म्हणतात, शेंड्याच्याही पुढं जातात. जोर ओसरला की त्या मान टाकतात. शिवाय मातीतली ओल दाखवणाऱ्या दोन नळ्या मागवल्या, एक वरच्या भागात रोवली, एक खालच्या. त्यांच्या खालच्या टोकाला भाजलेल्या मातीची वाटी असते, आत पाणी भरलेलं, वर घड्याळासारखा काटा. माती कोरडी होत गेली की काटा चढतो.

रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. एकीनं विचारलं, "काय करून राहिली? द्राक्षाला झंपर शिवती का?" मी म्हणाले, "व्हय, तुमच्यापेक्षा बराबर बसंल तिला."

पहिल्या तीन मापांतच एक गोष्ट दिसली. खालच्या वेली आठ दिवसांत दोन वीत वाढत होत्या आणि वरच्या त्याच्या निम्म्यानं. पाणी दोघींना सारखं, पण जमीन वेगळी. म्हणून मी मधे दुसरा व्हॉल्व बसवून घेतला. खालचं पाणी पाच दिवसांनी, वरचं तीन दिवसांनी. मूठ माझ्या शिलाई मशीनच्या खणात राहायची. मामांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मी वाढायचे, ते जेवायचे, पण पाणीसुद्धा माझ्याकडं मागायचे नाहीत, नातीला हाक मारायचे. मला वाईट वाटत होतं. पण मूठ मी दिली नाही.

मेच्या शेवटी खरी परीक्षा आली. वसमतहून एक सल्लागार बागा बघायला यायचे. त्यांनी वरच्या नळीचा काटा पाहिला. तो शून्यावर होता. "माती भिजलेली आहे," ते म्हणाले, "आठवडाभर पाणी बंद ठेवा." मामा बांधावरून ऐकत होते. इतके दिवस मीच काट्याचं नाव घेऊन सगळ्यांना गप्प करत होते. आता तोच काटा पाणी नको म्हणत होता.

पण माझी वही वेगळं सांगत होती. आठ दिवसांत वरच्या शेंड्यांचं माप बोटभरही वाढलेलं नव्हतं. बाळ्या लोंबत होत्या. भर दुपारी पान तळहातावर धरलं तर ते गरम लागत होतं, आणि बुडाची पानं पिवळी पडायला लागली होती. मी सल्लागारांना म्हणाले, "साहेब, हा काटा खोटं बोलून राहिला."

ते हसले. मशीन खोटं बोलत नसतं, असं त्यांनी मला समजावलं. मी कुदळ घेतली आणि नळीशेजारी खणलं. हातभर खाली माती सुकून वाटीपासून सुटली होती. फटीतून हवा आत गेली होती आणि नळीतलं पाणी निघून गेलं होतं, म्हणून काटा खाली पडला होता. सल्लागारांनी वाकून बघितलं, पँटची धूळ झटकली आणि दुसऱ्या बागेला जायला उशीर होतोय म्हणाले.

त्या संध्याकाळी मी स्वतः वरचा व्हॉल्व उघडला. मामा ठिबकच्या नळीजवळ उकिडवे बसले आणि ओल पसरेपर्यंत उठले नाहीत. काटा खाली बघून मी वरच्या पाण्याची पाळी पुढं ढकलत राहिले आणि चार दिवस उशीर झाला, हे मी कबूल करते. अगदी वरच्या तीन ओळींनी पानं गाळली. काट्यावर मी जास्तच विसंबले होते.

ऑक्टोबरात छाटणीनंतर डोळे फुटले, तेव्हा मी रोज पहाटे मांडवाखाली फिरत होते. बहुतेक काड्यांना घड होते, काहींना दोन-दोन. वरच्या तीन ओळी विरळ राहिल्या. मामा एका सकाळी माझ्या मागोमाग आले. पूर्ण बाग फिरले, काळ्या मातीच्या शेवटच्या ओळीत थांबले, पायानं माती उकरली आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याशी सरळ बोलले.

"इथं अजून पाणी जास्तीचं होऊन राहिलं," ते म्हणाले. "काहून दिसंना तुला?"

मी म्हणाले, "न्हाई होत." आम्ही तिथंच अर्धा तास भांडलो. घरी येऊन वही बघितली तर त्यांचं बरोबर होतं. तसं मी त्यांना सांगितलं आणि पाण्याची पाळी एक दिवसानं लांबवली.

महाशिवरात्रीला औंढ्याला मी स्वतः द्राक्षांचे क्रेट घेऊन विकायला बसले. दर्शनाच्या रांगेतून आलेला एक माणूस घड उचलून बघत म्हणाला, "नाशिकची ना ही?"

"कुरुंद्याची."

"तिथं हळद पिकती बाई, द्राक्षं न्हाई."

मी दोन मणी तोडून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं खाल्ले, मान हलवली, आणि किलोभर घेतानाही मी खोटं बोलते असंच म्हणत राहिला. मी वजन करून पिशवी दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आणखी मोठ्यानं सांगितलं, कुरुंद्याची हायत.