पुढच्या वर्षीचा ट्रक

जे ट्रक अजून कारखान्यातून बाहेरच पडलेले नाहीत, ते चालवण्यात आमच्या साडूचा हात धरणारा माणूस अख्ख्या मुंबईत सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, शैलाचा नवरा. राहायला भांडुपला, डोंगराच्या बाजूला. साकीनाक्याच्या एका शेठचा ट्रक तो वर्षानुवर्षं चालवत होता. तिथल्या गाळ्यांतून लोखंडी सुटे भाग भरायचे आणि शहरभर पोचवायचे, हा धंदा. पण शेठचा ट्रक चालवायचे ते त्याचे नुसते हातपाय. मनाने हा गृहस्थ कायम दुसऱ्याच ट्रकात बसलेला असायचा. तो ट्रक त्याचा स्वतःचा होता आणि तो पुढच्या वर्षी येणार होता. गेली कितीतरी वर्षं तो पुढच्याच वर्षी येत होता.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलं की आम्ही मागच्या पायरीवर बसायचो. खाली सगळं भांडुप, एकेक दिवा लागतोय, कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या. अशा वेळी साडूचा आवाज हळू व्हायचा. "साडूभाऊ, पुढची काच अशी येणार," असं म्हणून तो दोन्ही हात पसरायचा, ते थेट माझ्या कानाला लागायचे. "म्हणजे आभाळच आत आलं म्हणा ना. आणि आवाज? काही नाही. तुम्ही बोलाल ते मला ऐकू येणार, मी बोलेन ते तुम्हाला." आता आहे त्या जगातही तो बोलतो ते मला ऐकू येतंच, नको इतकं येतं, पण त्या वेळी हे सुचायचं नाही. तो हवेत स्टिअरिंग धरायचा, उजवा पाय पायरीवर हलकेच दाबायचा, आणि खरं सांगतो, मलाही समोर रस्ता दिसायला लागायचा. दोन्ही बाजूंना काजूची झाडं, मध्ये लाल माती, वळणावर एखादी म्हैस. आतून शैला चहा घेऊन आली की आम्ही दोघंही दचकायचो.

त्या ट्रकाला टेम्पो म्हटलेलं त्याला खपायचं नाही. मी एकदा सहज म्हणालो, "कधी घेतोस मग टेम्पो?" झालं! दोन आठवडे त्याने माझा फोन उचलला नाही. शेवटी शैलाने कारण सांगितलं. "भावोजी, चार चाकांचा तो टेम्पो आणि सहा चाकांचा तो ट्रक. ते म्हणतात, साडू शिकलेला माणूस आहे, पण चाकं मोजत नाही." मी तिला म्हटलं, अगं, जी गाडी अजून आलीच नाही तिची चाकं मी कुठे जाऊन मोजू? ती हसली. शैला अशी नवऱ्याच्या वेडावर हसते, पण दुसऱ्याला हसू देत नाही.

बरं, ही थांबायची सवय ट्रकापुरती असती तर एक वेळ चाललं असतं. पण हा अख्ख्या नातलगांना थांबवायचा. आमचा मिक्सर बिघडला तेव्हा त्याने सांगितलं, "आत्ता घेऊ नका, दिवाळीनंतर नवीन मॉडेल येतंय." मीही मूर्खासारखा थांबलो, आणि आमच्या मुलुंडच्या टू-बीएचकेमध्ये माझ्या बायकोने दिवाळीपर्यंत पाट्यावर खोबरं वाटलं. ती एकेक वाटण वाटताना माझ्या साडूच्या नावाने जे बोलत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या एका पुतण्याला स्थळ सांगून आलं, मुलगी चांगली, घर चांगलं, तर हा गंभीरपणे म्हणतो, "थोडं थांबलं तर?" तेव्हा मात्र माझी बायको भडकली. "काय हो भावोजी, आमच्या शैलाच्या वेळी बरे थांबला नाहीत!" साडूने जराही विचार केला नाही. म्हणाला, "तेव्हा मॉडेल एकच होतं." शैला लाजून आत पळाली आणि माझ्या बायकोला त्या दिवसापुरती त्याला माफी द्यावी लागली.

पण हा माणूस स्वतःच्या हौशीसाठी थांबला होता, असं कोणाला वाटत असेल तर ते चूक. या सगळ्याच्या मुळाशी शैलाचं पोट होतं. शैलाला गाडी लागते. म्हणजे तुमच्याआमच्यासारखी घाटात थोडी मळमळ, असं नाही. एसटीत लागते, कारमध्ये लागते, कोकण रेल्वेत बोगदे सुरू झाले की लागते. आवळासुपारी, लिंबू, आलं, गोळ्या, सगळं झालं. एकदा गावाहून परत आली ती अशा अवस्थेत की तिला उचलून घरात न्यावं लागलं, आणि मग तिने गावाला जाणंच सोडलं. तिचं माहेर म्हणजे माझी सासुरवाडी, कणकवलीच्या अलीकडे. तिथे सासूबाई एकट्या.

आणि मग कुर्ल्याचं भाड्याचं घर सोडून ही दोघं भांडुपला आली तेव्हा चमत्कार झाला. सामान शेठच्या ट्रकात, आणि शैला कुंडीतली तुळस मांडीवर घेऊन पुढे साडूच्या शेजारी. तो आपला सारखा तिच्याकडे बघतोय, पिशवी तयार ठेवून. तर भांडुपला उतरल्यावर बाई म्हणाली, "मला भूक लागली." साडू ही गोष्ट आजही सांगतो तेव्हा त्याचे डोळे चमकतात. उंच बसायचं, लांबचा रस्ता दिसायचा, तोंडावर वारा, म्हणून लागली नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. त्याच दिवशी त्याने ठरवलं की आपला स्वतःचा ट्रक घ्यायचा आणि शैलाला पुढे बसवून माहेरी न्यायचं. शेठचा ट्रक मुंबईबाहेर न्यायला मनाई होती. मी सुचवलं, एखादा भाड्याने घे. तर म्हणाला, "सासुरवाडीला भाड्याचा ट्रक? लोक विचारतील ना, कोणाचं बिऱ्हाड उचलताय?"

इथपर्यंत सगळं झकास होतं. कर्ज मिळण्यासारखं होतं, शेठही धंदा आवरत आला होता, माल वाहायला स्वतःची गाडी हवीच होती. पण कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं की नवीन मॉडेल येतंय, त्यात ड्रायव्हरची अख्खी केबिन स्प्रिंगवर तरंगणार, खड्डा कळणारच नाही. वाट लागली! तेव्हापासून आत्ताचा घेऊ की नवा येईपर्यंत थांबू, या एकाच प्रश्नाभोवती तो फिरत राहिला. दर रविवारी शोरूममध्ये जायचा. तिथे गाडीचं इंजिन बघत नसे, किंमत विचारत नसे. केबिनमध्ये चढायचा, शैला बसेल त्या जागेवर बसायचा, डोळे मिटायचा आणि वास घ्यायचा. नवीन रेक्झिनचा वास, डिझेलचा वास. मग काच खाली करायचा, वर करायचा, आणि उतरून म्हणायचा, "तिला नाही झेपायचं." तिथली पोरं सुरुवातीला हसायची. पुढे तीच त्याला बघून चहा सांगायला लागली आणि आदल्या दिवसापासून केबिनच्या काचा उघड्या ठेवायला लागली.

इकडे सासूबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जितकी टिकेल तितकी खरी. व्हिडिओ कॉल लावून दिला तर त्या मोबाइल अगदी नाकाला लावायच्या आणि म्हणायच्या, "माका नुसता उजेड दिसता गो शैलू. तू खय आसस?" शैला इकडे "आये, मी हयच" म्हणत राहायची. साडू शिमग्याला एकटाच गावी जायचा तेव्हा सासूबाईंना भेटून यायचा. त्या विचारायच्या, शैलू खय? हा सांगायचा, "पुढच्या वर्सा ट्रकातून हाडतंय," म्हणजे घेऊन येतो. त्या बिचाऱ्या खूश व्हायच्या. माणूस समोर उभा राहिला तर त्यांना तेव्हा अजून ओळखू येत होता.

त्यातल्याच एका शिमग्याला त्याने देवाला कौल लावला. आमच्याकडे मोठं काम करायचं तर गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो, देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि पाकळी उजवीकडची पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं, आणि पाकळी पडली, चांगली ठणठणीत उजवी. सगळे आनंदले. साडू मात्र तिथेच उभा, चेहरा उतरलेला. कारण या पठ्ठ्याने विचारलं होतं, "आत्ताचो घेऊ काय नव्यासाठी थांबू?" देव हो म्हणाला, पण कशाला हो म्हणाला? गुरवाने डोक्यालाच हात लावला. "अरे, देवाक एका टायमाक एकच इचारूचा असता! देव काय शोरूमवालो आसा?" परत लाव म्हणावं तर त्याच गोष्टीला त्याच वर्षी दुसरा कौल लावायचा नाही, असा त्या देवळातला नियम. म्हणजे आणखी एक वर्ष गेलं, ते देवाच्या होकारासकट.

मी चिडलो होतो. एका दुपारी मला पवईला काम होतं, तर तलावाच्या कडेला शेठचा ट्रक उभा दिसला आणि हा डबा खात पाण्याकडे बघत बसलेला. मी शेजारी चढून बसलो आणि त्याला चांगलाच झाडला. म्हटलं, अरे, तुझी तरंगणारी केबिन येईपर्यंत म्हातारीची नजर जाईल, कळतंय का तुला? पाण्यावर ऊन हलत होतं, त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "साडूभाऊ, आत्ताचा घेतला आणि त्यातही तिला लागली तर? मग पुढे काय सांगू तिला? आत्ता निदान ट्रक यायचा आहे, असं तरी म्हणता येतं." त्याच्या डब्यातली भाजी त्याने माझ्यापुढे सरकवली, ती खाल्ली आणि उतरलो.

मग गेल्या दिवाळीला माझी बायको एकटीच गावी गेली. परत आल्यावर दोन दिवसांनी आम्ही शैलाकडे गेलो तेव्हा तिने सांगितलं. ती दारात उभी राहिली तर सासूबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "शैलू, इलंस बाय?" थोरल्या लेकीला धाकटी समजून किती वेळ हात सोडला नाही, आणि हिला खरं सांगवेना. शैलाने ऐकून घेतलं. रडली नाही, काही नाही. साडी बदलली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, शोरूमला."

मीही गेलो सोबत, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. शैला भराभर केबिनमध्ये चढली, काच खाली केली आणि समोर बघत बसली. साडू खाली उभा राहून विनवत होता. नवीन मॉडेल आता अगदी आलंच आहे, थोडे महिने, केबिन स्प्रिंगवर, अगं तुला त्रास. तिने त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "अहो, आयेचे डोळे थांबणार आहेत काय तुमच्या नवीन मॉडेलसाठी?" नेहमीच्या पोरांपैकी एकाने कागद आणले तेव्हा साडूने सही केली. पुढे ट्रकाच्या मागच्या फळीवर काय लिहायचं यावरही तो अडून बसला होता, पण शैलाने पेंटरला सांगितलं, काही लिहू नको, रंग वाळला की दे.

आम्ही दोघं रेल्वेने आदल्या दिवशीच गावी पोचलो होतो. संध्याकाळी ट्रकाचा आवाज आला. घरापर्यंत वाट अरुंद, म्हणून साडूने तो खाली रस्त्यावरच उभा केला. शैला उतरली ती कोणाशी न बोलता चढण चढून घराकडे निघाली, माझी बायको तिच्या मागे. साडू मात्र चाकाजवळ उभा. मी विचारलं, "काय रे, झाला का प्रवास नीट?"

"लागली हो तिला. घाटात."

"मग?"

"मग काय. थांबलो बाजूला. तोंड धुतलं तिने. थोडा वेळ बसली आणि म्हणाली, चला." तो चाकाच्या नटावर उगाच बोट फिरवत होता. "एवढंच झालं, साडूभाऊ. एवढंच."

आम्ही वर आलो. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या आणि शैला त्यांच्या पायाशी. त्यांनी तिचं तोंड चाचपलं, कान, गळा, मंगळसूत्र, सगळं हाताने बघितलं. मग डोक्यावरून हात फिरवत विचारलं, "केस पिकले काय गो तुझे? हाताक कळना नाय."

शैलाचे केस पुढून सगळे पांढरे झाले आहेत. ती म्हणाली, "नाय गो आये. तसेच आसत, काळे."

साडू अंगणातच थांबला. ओटीच्या पायरीवर पाय ठेवायची त्याची हिंमत होईना. माझ्याकडे न बघता तो हळूच म्हणाला, "मागच्या शिमग्याला दिसत होतं हो त्यांना." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आत माझ्या बायकोने दिवा लावला, आणि सासूबाईंचा हात अजून शैलाच्या केसांवरून फिरत होता.