भिंतीतली सवत

दोन हजार अठरा सालच्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात तोवर भूकंप हा भूगोलाच्या पुस्तकातला धडा होता, आणि तो मुलांना मीच शिकवत असे. आधी जमिनीखालून आवाज यायचा, कुणी रिकामं पिंप ढकलत नेल्यासारखा. मग मांडणीवरची भांडी वाजायची. सगळा पाडा घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली राहायला गेला, माझा वर्ग चिंचेखाली भरू लागला. नवरा मात्र घरातच राहिला.

तो चित्रकार. याच पाड्यातल्या वारली घरातला, मुंबईला चित्रकला शिकून परत आलेला. मी डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मास्तरीण. आमचं लग्न आमच्या मर्जीचं, त्यामुळे माहेरी जाऊन रडायचीही सोय नाही. त्याच्याबरोबर शिकलेल्या काहींची चित्रं परदेशात लागली होती. याला त्या सगळ्यांना मागे टाकणारं एकच चित्र काढायचं होतं, आणि त्यासाठी त्याने सासूबाईंच्या कुडाच्या घरातली आतली मोठी भिंत धरली. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती, वर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. भात लावणारे, ताडी काढणारे, नाचणारे, सगळा पाडा त्या भिंतीवर उतरला. मधोमध माणसाच्या उंचीची एक बाई होती. तेवढी त्याला जमत नव्हती. काढायचा, पुसायचा, परत काढायचा. दोन वर्षं हेच चाललं होतं. उभं मला करायचा आणि बघायचा भिंतीकडे.

"भिंतीत सवत आणून बसवलीस," मी म्हणायचे. सुरुवातीला तो हसायचा.

धक्क्यांनी भिंतीला तडे जायला लागले. पहिला तडा वरून निघाला, नाचणाऱ्यांची साखळी तोडत खाली आला आणि त्या बाईच्या डोक्यापाशी वळला. दुसरा खालून चढला, तोही तिच्या पायांना वळसा घालून गेला. "बघितलंस? तिला सोडून जातात," तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, कौतुक होतं. मी शिकलेली बाई आहे, काठ्या दाट बांधल्या असतील तिथे तडा वळतो हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून त्या खोलीत मी तिच्याकडे पाठ केली नाही.

शेजारच्या घराचं आढं कौलांसकट खाली आलं. आत माणूस नव्हतं, एक कुत्रं मेलं. मी नवऱ्याला हात धरून ओढलं, भांडले, रडले. "ती झाली की येतो," एवढंच तो म्हणे. एका दुपारी मी जेवणाचं ताट घेऊन गेले तर आतून बोलणं ऐकू आलं. माझी चाहूल लागून माझ्याशीच बोलतोय असं वाटलं. पण तो भिंतीला हात लावून तिला विचारत होता, "घाबरलीस का?" जमीन हलायला लागल्यापासून मला त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. हा माणूस इथे मरणार, आणि तिच्याजवळ मरणार.

सासूबाई अंगणात भात पाखडत होत्या. "त्याला हाक नको मारू, बाय," त्या म्हणाल्या. "तो आयकं नाय."

मी त्यांना लग्नाच्या चौकाबद्दल विचारलं. लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात देवी बसवतात, हे मी पाहिलं होतं. नंतर त्याचं काय होतं?

"काय व्हायचं? लगीन झालं, चौकाचं काम झालं. पुढच्या लग्नाला त्यावर लिंपायचं, नवा लिवायचा."

मला वाटलं, वाट सापडली. दुसऱ्या दिवशी तो हापशीवर आंघोळीला गेला तेव्हा मी घमेल्यात शेणमाती कालवली आणि दोन्ही हातांनी भिंत लिंपायला घेतली. नाचणारे गेले, भात लावणारे गेले, तडे बुजले. तिला शेवटी घेतलं. तिच्या छातीवर हात आला तेव्हा जमिनीखालून तो आवाज आला. भिंत माझ्या तळव्याखाली थरथरली. मी हात काढला नाही. थरथर थांबल्यावर तिचा चेहराही लिंपून टाकला.

तो दारात येऊन उभा राहिला, केसांतून पाणी गळत होतं. तो मारेल, छाती पिटेल, मला टाकून देईल, सगळ्याची मी तयारी केली होती. नवरा जिवंत राहिला की पुरे.

"संपलं ते," मी म्हणाले. "चल आता बाहेर."

तो जवळ आला. ओल्या भिंतीवरून त्याने तळवा फिरवला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश. दोन वर्षांच्या पुसापुशीने आलेले फुगवटे, खड्डे, काही उरलं नव्हतं. मग माझ्याकडे बघून तो हसला. किती दिवसांनी हसला होता.

"किती गुळगुळीत लिंपलीस," तो म्हणाला. "मला कधीची अशीच भिंत हवी होती."

या घरात लिंपतात ते पुढचं चित्र काढण्यासाठी, हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं फक्त निम्मं.

"आईला सांग, पीठ भिजत घाल," तो म्हणाला, आणि भिंत वाळायची वाट बघत तिच्यासमोर मांडी घालून बसला.