खंडूची सुटका

रोमन साम्राज्य बुडालं असं शाळेत शिकवतात, ते साफ खोटं आहे. काळाचौकीला माझ्या मामेसासऱ्यांच्या खोलीत ते दर रविवारी चार ते सात चालू असायचं. मामा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. नातवाने त्यांना हा खेळ शिकवला: एकेक सोंग घ्यायचं, आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. नातू शिकायला परदेशी गेला. मामांनी खेळ सोडला नाही, जावई धरला. कॅरम बोर्ड हे रिंगण, बोरिक पावडर ही त्यातली वाळू आणि रथांच्या शर्यतीला चार कोपऱ्यांतली भोकं ही चार वळणं. माझा रथ हमखास पहिल्याच भोकात जायचा. एकदाच निभावलं, तर मामांनी ताटलीवर चमचा वाजवून शर्यत थांबवली. "वळताना हात दाखवलात?" "मामा, दोन्ही हातांत लगाम आहे." "मग मागच्याने काय समजायचं? रथ बाजूला घ्या." मरणाची बातमीसुद्धा ते जावयाचा मान राखून द्यायचे. "जावईबापू, आपण मेलात. चहा घ्या."

पण मामांचा खरा जीव खंडूत. खंडू म्हणजे त्यांचा झुंजणारा गुलाम. बुद्धिबळातलं काळं प्यादं, पोटाशी सोडावॉटरच्या बुचाची ढाल. दहा झुंजी जिंकल्या की लाकडी तलवार देऊन गुलामाला मोकळं करायचं, असा नियम. खंडूने नऊ जिंकल्या त्याला दोन वर्षं झाली होती. दहावी तो हरायचाच. हरलेल्याला मारायचं की राखायचं हे प्रेक्षकांनी अंगठ्याने सांगायचं, आणि प्रेक्षक म्हणजे लसूण सोलणाऱ्या मामी. त्या मान वर न करता अंगठा वर करायच्या. "राहूदे मेल्याला. पुढच्या रविवारी बघू." मामा सुस्कारा टाकायचे. "माझ्या हयातीत सुटेल ना हो हा?"

मग मामांना मोतीबिंदू झाला आणि फासा वाचायचं काम माझ्याकडे आलं. खंडूसमोर माझाच त्रिशूळवाला. खंडूला पंधरा हवे होते. मामांनी फासा कपाळाला लावून टाकला.

"किती?"

पडले होते तीन. "अठरा!" मी ओरडलो.

मामींचे हात थांबले. त्यांनी फाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी अंगठा वर केला. मामांनी फासा उचलला, जरा वेळ बोटांत फिरवला, आणि आइस्क्रीमच्या काडीची केव्हाची तासून ठेवलेली तलवार काढून खंडूला टेकवली. डोळे पुसले ते मोतीबिंदूमुळेच, असंही सांगितलं.

पुण्य केल्याच्या तोऱ्यात मी पुढच्या रविवारी गेलो, तर बोर्ड भिंतीला टेकलेला.

"मामा, मांडायचं ना?"

"कोणाला उतरवू? खंडू सुटला."

"मग परत बोलवा की त्याला."

"सुटलेल्याला परत आणतात होय? काय जावईबापू तुम्ही!"

खंडू खिडकीत उभा होता, तलवार शेजारी, तोंड रस्त्याकडे. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो नेहमीसारखा उशिरा. त्याला सोडवण्याच्या भरात मी मामांचा रविवारच घालवला होता. फाशाचं खरं सांगून टाकावं, तर खंडू पुन्हा गुलाम होणार. शेवटी न राहवून म्हणालो, "मामा, त्या दिवशीचा फासा..."

"आकडे कोरलेले असतात हो. बोटाला लागतात." मामांनी खिडकीकडे पाहून आवाज खाली आणला. "हळू बोला. त्याला ऐकू जाईल."